टँकमधली तुळस

घरात शिरताना मी आधी फिल्टरचा आवाज ऐकायची. आवाज नसला म्हणजे काकीनं प्लग काढलेला. मग मी चप्पल न काढताच सोप्यात, बाहेरच्या खोलीत, जायची, प्लग लावायची आणि मोबाईलमध्ये वेळ टिपून ठेवायची. जानेवारीत सहा वेळा, फेब्रुवारीत नऊ.

“लाईटबिल तुझा बा भरतोय काय गं?” काकी आतून विचारायची.

फिल्टर दिवसाला पाव युनिटसुद्धा खात नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगितलं नाही. तिला विजेशी काही देणंघेणं नव्हतं, आणि मलाही चप्पल काढायला काही जड जात नव्हतं.

घर कृष्णातकाकांचं, मंगळवार पेठेत. मी मुरगूडची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून पाणी तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये लागले, तेव्हा वडिलांनी मला त्यांच्या भावाकडे आणून सोडलं. माशांचा टँक माझा नव्हता. तो विश्वजितदादाचा, काका-काकींच्या एकुलत्या एका मुलाचा. तीन फुटी, शंभर लिटरचा. आत चार पर्ल गुरामी, एक नर आणि तीन माद्या. तळहाताएवढे, चपटे, अंगभर पांढरे ठिपके. पोटाखाली दोन लांब दोऱ्यासारखे पर असतात. समोर काहीही नवीन आलं की हा मासा चावून बघत नाही, त्या दोऱ्यांनी हळूच चाचपून बघतो. स्वभावानं भित्रा आणि गरीब. जोरात दार आपटलं तरी झाडांमागे जाऊन बसतो. आमच्या घरात दारं रोज आपटत होती.

दादा गेल्या जूनमध्ये घर सोडून चाकणला गेला. त्याला त्याच्या ऑफिसातल्या एका मुलीशी लग्न करायचं होतं. काकी त्याला न सांगता एकटीच त्या मुलीच्या घरी गेली, तिच्या आईला दारात बोलावलं आणि शेजारपाजार ऐकेल असं बोलून आली. दोन महिन्यांत मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. दादानं बॅग भरली, मला टँकचं सगळं समजावून सांगितलं आणि आईकडे न बघता रिक्षात बसला. काकीचा नंबर त्यानं ब्लॉक केला होता. काकांशी महिन्यातून एकदा बोलायचा, तेही काका शिरोलीला फाउंड्रीत असताना.

माझ्याशी मात्र दर रविवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉल. मासे बघायला.

त्या वेळी काकी सोप्यातच असायची. तांदूळ निवडायला, नाहीतर लसूण सोलायला. आमच्याकडे पाठ करून बसायची, पण हात थांबलेले असायचे. मी कानात इअरफोन घालायची आणि कॅमेरा असा धरायची, की दादाला फक्त काच दिसेल. काकीला त्याचा आवाज ऐकू येऊ नये आणि त्याला काकीचा पदरसुद्धा दिसू नये, याची मी काळजी घेत होते. मुद्दाम. आठवडाभर तिनं मला सुनावलेलं असायचं. तेवीस वर्षांची घोडी मासं मोजत बसलीया. आमच्यात मासं शिजवत्यात, पाळत न्हाईत. मुरगूडात एवढी शाणपट्टी शिकवत्यात व्हय. त्या सगळ्याची परतफेड मी रविवारच्या त्या दहा मिनिटांत करायची.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नराचा गळा एकदम शेंदरी झाला. तो माद्यांच्या मागे फिरायला लागला, पृष्ठभागाशी येऊन तोंडातून बुडबुडे सोडायला लागला. गुरामीचा नर बुडबुड्यांचं घरटं करतो. तरंगणाऱ्या पानांखाली फेसाचा थर रचतो, मादीची अंडी त्यात नेऊन चिकटवतो आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत राखण करतो. आमच्या टँकमध्ये तरंगणारी वनस्पती नव्हती, म्हणून बुडबुडे फुटून जात होते. मी दोन दुकानांत विचारलं, मिळाली नाही.

त्या रविवारी इअरफोन चार्ज नव्हता. दादाचा आवाज सोप्यात ऐकू येत होता. वर तरंगायला काहीतरी घाल म्हणाला, कुठलीही पानं चालतील. मग म्हणाला, “घरटं झालं ना, तर पाडव्याला येतो मी. पिल्लं बघायला.”

काकीच्या हातातला लसूण तसाच राहिला. कॉल संपल्यावर तिनं आठ महिन्यांत पहिल्यांदा मला टँकबद्दल सरळ प्रश्न विचारला. “घरटं म्हंजे काय करतंय ते?”

“तुम्ही प्लग काढला नाही तर कळेल,” मी म्हणाले.

त्यानंतर प्लग निघाला नाही. मी ते कुठे टिपून ठेवलं नाही. माझ्या यादीत प्लग काढल्याच्या वेळा होत्या, न काढल्याच्या नव्हत्या.

दोनच दिवसांनी, मार्चमधल्या पौर्णिमेला, चंद्रग्रहण होतं. काकी ग्रहण कडक पाळते. घरात साठवलेल्या पाण्यात आणि दुधा-दह्यात तुळस घालायची. ज्यात तुळस नाही ते पाणी ग्रहण सुटल्यावर ओतून द्यायचं. सप्टेंबरच्या ग्रहणाला तिनं मला विचारलं होतं, ह्या पेटीतलं पाणी कवा वतायचं. तेव्हा आमचं इतकं वाजलं होतं, की झुंबरबाई भिंतीपलीकडून विचारायला आल्या होत्या, कोण गेलं काय म्हणून.

या वेळी वेळही वाईट होती. पेठेतला मोठा पाइप फुटला होता, चार दिवस नळ कोरडे होते. स्वयंपाकघरातलं स्टीलचं पिंप शुक्रवारी भरलेलं, तेच पुरवून वापरत होतो. मंगळवारी सकाळी लॅबला निघताना मी काकीला सांगितलं, टँकच्या पाण्याला हात लावला तर दादाला फोन करून सांगेन. ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, “जा तू.”

लॅबमध्ये दुपारी पेठेतलाच एक नमुना आला. पाणी सुटल्यावर नळाखालून भरलेला. मी तपासला. क्लोरीन लिटरला एक पूर्णांक दोन दशांश मिलिग्रॅम. दुरुस्तीनंतर पहिल्या पाण्यात ते जास्त घालतात, घालायलाच हवं. माणसांना त्यानं काही होत नाही. मी आकडा रजिस्टरला लिहिला, सही केली आणि पुढची बाटली घेतली.

घरी आले तेव्हा सव्वासात झाले होते. चंद्र ग्रासलेलाच उगवला होता आणि सात वाजायच्या आत सुटलाही होता. दारातूनच फिल्टर ऐकला. चालू होता. चप्पल काढून सोप्यात गेले आणि थांबले. टँकच्या झाकणाची फट उघडी होती. पाण्यावर तुळशीच्या चार डहाळ्या तरंगत होत्या.

मी काही तपासलं नाही. मासे कसे आहेत ते नीट बघितलंही नाही. आधी मोबाईल काढला, फोटो घेतला आणि दादाला पाठवला. खाली लिहिलं, बघ तुझ्या आईनं काय केलं. मग आत गेले.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मुद्दा एवढाच, की गेल्या आठवड्यात काकीनं गच्चीतल्या तुळशीवर किडीचं औषध मारलेलं मी पाहिलं होतं. औषध मारलेली पानं माशांच्या पाण्यात घातलीत, असं मी ओरडले.

“आपली न्हाईत ती,” काकी म्हणाली. “झुंबरबाईच्या कुंडीतली हाईत. धुऊन घातल्यात.”

हे मी ऐकलं. ऐकलं नाही असं मला म्हणता येणार नाही. पण तोवर मी पाइप हातात घेतला होता. डहाळ्या उपसून जमिनीवर टाकल्या. त्यांच्या खाली काहीतरी पांढुरकं होतं, ते हातानं ढवळलं गेलं. औषध पाण्यात उतरलं असेल, तर जितकं पाणी काढता येईल तितकं काढायचं, एवढंच डोक्यात होतं. सत्तर लिटर पाणी मोरीत सोडलं. मग गच्चीवरच्या टाकीला जोडलेल्या नळाला पाइप लावला आणि टँक काठोकाठ भरला. गच्चीवरची टाकी दुपारी चारला भरलेली. नळाचं पाणी घालायच्या आधी क्लोरीन मारायचे थेंब घालायचे असतात, दहा लिटरला पाच. दर रविवारी, आठ महिने, मी न चुकता घालत आले होते. ती बाटली माझ्या खोलीत कपाटात होती. मी ती आणायला गेले नाही, कारण मी अजून बोलत होते.

दहाएक मिनिटांत माद्या काचेवर आपटायला लागल्या. ठिपके फिके पडले, कल्ले भराभर उघडझाप करायला लागले. गुरामी वरची हवासुद्धा घेतो, म्हणून थोडा जास्त टिकतो. चौघंही पृष्ठभागाशी येऊन तिरके होऊन तोंडं उघडत होते. पुस्तकातलं चित्र समोर यावं तसं मला ते कळलं. त्याच क्षणी रजिस्टरमधला आकडाही आठवला, माझ्या अक्षरातला.

मी खोलीकडे धावले. बाटली सापडायला वेळ लागला, कारण कपाटातलं सगळं खाली पडलं. परत येऊन पन्नास थेंब घातले. क्लोरीन गेलंही असेल लगेच, पण कल्ले भाजलेले परत येत नाहीत.

तेव्हा लक्षात आलं, की टँकमध्ये तीनच मासे आहेत. काकी स्वयंपाकघरात पिंपापाशी उभी होती. मी खोलीत असताना तिनं चहाच्या मोठ्या गाळणीनं नराला उचलून पिंपात सोडलं होतं. तोच सगळ्यात वर होता, हाताला तोच लागला. मग एक मादी उचलायला काकी परत आली, पण मादी गाळणीतच गेली. साडेआठपर्यंत तिन्ही माद्या मेल्या.

दादाचं उत्तर तासापूर्वीच आलेलं होतं. तिला सांग, पाडव्याला येत नाही. कधीच येत नाही.

मी ते काकीला सांगितलं नाही.

काका रात्री कामावरून आले. त्यांनी जमिनीवरच्या डहाळ्या बघितल्या, काकीला म्हणाले, तुला पोरगं घरात यायला नकोच हाय. काकी मी न्हाई, मी न्हाई म्हणत राहिली. काकांनी टीव्ही लावला. मी माझ्या खोलीत होते. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

बुधवारी मी पिंपातलं पाणी बाटलीत भरून लॅबला नेलं. क्लोरीन शून्य. पाणी चार दिवस नुसतं ठेवलं, की क्लोरीन आपोआप उडून जातं. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पिंपातही तुळस होती, त्यामुळे काकीनं ते पाणी ओतून दिलं नाही, म्हणून नर जगला. जेवणाच्या सुट्टीत मी मंगळवारचा फोटो उघडला आणि मोठा केला. डाव्या कोपऱ्यात, एका डहाळीच्या खाली, पांढऱ्या फेसाचा थर होता. पेल्याच्या तोंडाएवढा. नर त्याच्या खाली उभा होता आणि त्याचे दोन्ही दोरे पानाला टेकलेले होते.

एक दुकान, दुसरं दुकान, मी पानं शोधत होते. काकीनं भिंतीपलीकडून मागून आणली होती. ग्रहणासाठी की घरट्यासाठी, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

मासे मेल्याचं काकांनी दादाला कळवलं होतं; बुधवारीच मी त्याला खरं लिहायला हवं होतं. मी चार वेळा मजकूर लिहिला आणि पुसला. खरं सांगितलं तर पाण्याची तपासणी करून पोट भरणारी मी, नळाचं पाणी माशांवर ओतणारी ठरत होते. नाही सांगितलं तर काहीच बदलत नव्हतं. काकी आधीपासूनच वाईट होती. घरात आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हतो. ती ताट वाढून ओट्यावर ठेवायची, मी उचलून खोलीत न्यायची. पिंपावर तिनं पिठाची चाळण पालथी घातली होती. प्यायचं पाणी आता कळशीत होतं. टँक सोप्यात नुसत्या पाण्यानं भरलेला उभा होता, फिल्टर चालू. प्लग कुणीच काढला नाही.

रविवारी अकराला फोन आला नाही. काकी नेहमीच्या जागी सुपात तांदूळ घेऊन बसली होती, आमच्याकडे म्हणजे रिकाम्या टँककडे पाठ करून. सव्वाअकरा झाले. तिनं एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

मीच फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा दादानं उचलला.

“दाखवू नको काही,” तो म्हणाला. “टँक कुणाला तरी देऊन टाक.”

मी इअरफोन लावला नव्हता. “दादा, मासे मी मारले.”

तो म्हणाला, “तिनं शिकवलं काय तुला असं बोलायला?”

“ती माझ्याशी बोलतच नाही.”

मी सगळं सांगितलं. गच्चीवरची टाकी किती वाजता भरली, थेंब घातले नाहीत, रजिस्टरमधला आकडा, पिंपातला शून्य. आधी त्यानं मानलं नाही. आठ महिने रविवार न चुकवणारी मुलगी थेंब विसरते, हे त्याला खोटं वाटत होतं, आणि आईची स्वतःला वाचवायची असली नाटकं त्याला नवीन नव्हती. मी त्याला म्हणाले, मंगळवारचा फोटो उघड, डाव्या कोपऱ्यातली डहाळी मोठी कर.

त्यानं फोटो उघडला.

“फेस हाय,” तो म्हणाला.

“हो.”

काकीचे हात थांबले होते. “कसला फोटो?”

मी सांगितलं. मंगळवारी, पाणी काढायच्या आधी, फोटो पाठवला होता. खाली काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्याचं उत्तर काय आलं तेही.

काकीनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं ती ओरडेल. तिनं आवाज चढवला नाही.

“म्हंजे मंगळवारपास्नं त्याला वाटतंय मीच मारली,” ती म्हणाली. “आणि तू माझ्या हातचं जेवतीयास.”

फोनमधून दादा म्हणाला, “नर कुठाय?”

मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि कॅमेरा पिंपाकडे धरला. काकी मागोमाग आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती त्या चौकटीत होती आणि मी हात हलवला नाही.

“पिंपात?” दादा म्हणाला. “प्यायच्या पिंपात?”

“मग कशात ठिवू? तुझ्या बाच्या हेल्मेटात?”

“झाकण घालू नको त्याच्यावर. त्याला वर येऊन हवा घ्यावी लागती.”

“घातलंय कुठं? चाळण हाय. झुंबरबाईचं मांजर येतंय.”

“पिठाची चाळण? पीठ पडंल आत.”

“धुतलीया. मला शिकवू नगं. तुझी दुपटी धुतल्यात ह्या हातांनी.”

“साबणाचा हात घातलास काय पाण्यात?”

“येवढी अडाणी न्हाय मी.”

“अडाणी न्हाईस तर तिच्या घरी कशाला गेल्तीस?”

पिंपातला नर चाळणीखाली वर आला, हवेचा घोट घेतला आणि खाली गेला. पुढची अकरा मिनिटं ती दोघं भांडली. त्या मुलीवरून, तिच्या आईवरून, जूनमधल्या त्या दिवसावरून, नऊ महिने न उचललेल्या फोनवरून. काकी म्हणाली गेल्ते, परत वेळ आली तर परत जाईन. दादा म्हणाला म्हणूनच मी येत न्हाई. दोघांचाही आवाज अंगणात जात होता. फोन धरून माझा दंड भरून आला. मी हात बदलला, तेव्हा दोघंही एकदम माझ्यावर ओरडले, नीट धर म्हणून. तेवढंच ते मला उद्देशून बोलले.

शेवटी दादाचा आवाज बसला. तो म्हणाला, “पाडव्यापत्तोर पिंप हलवू नको. मी येऊन बघतो.”

“मग पाणी कशात भरू मी?”

त्यानं फोन कट केला.

काकीनं चाळण उचलून आत बघितलं, परत ठेवली. माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा होता तसाच होता.

“म्हैनाअखेर दुसरी खोली बघ,” ती म्हणाली. “काकांना मी सांगते. तुझ्या बालाबी सांगते.”

मी हो म्हणाले.

“तवर ह्याचं पाणी कसं बदलायचं ते सांग. थेंब किती?”

पिंपात वीस लिटर पाणी उरलं होतं. मी सांगितलं, एकदम सगळं बदलायचं नाही, पाच लिटर काढायचं आणि पाच लिटर घालायचं. घालायच्या पाण्यात आधी अडीच म्हणजे तीन थेंब. तिनं मला ते परत म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग ओट्यावरच्या डब्याखालचा वाण्याचा कागद ओढून माझ्यासमोर टाकला.

“लिवून दे,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडावर माझा इस्वास न्हाई.”